आधी रडून घ्या, मग नंबर सांगा

शकिलाआपाच्या टपरीवर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला लातूरला आईशी बोलायचं होतं. शाळेत रुजू होऊन आठवडाच झाला होता. भाड्याची खोली, भिंतींना ओल, गावात ओळखीचं कुणी नाही, आणि त्या दिवशी मुख्याध्यापिका सगळ्या शिक्षकांसमोर मला फाडफाड बोलल्या होत्या. शाळा सुटेपर्यंत मी कसंबसं आवरून धरलं आणि सुटल्याबरोबर एसटी स्टँडसमोरच्या पिवळ्या पाटीखाली जाऊन उभी राहिले. आत उंच लाकडी बाकावर एक बाई बसली होती. तिशीची असेल. डोक्यावर ओढणी, नाकात चमकी, मनगटं पुरुषासारखी जाड. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, टेलिफोनवर हात ठेवला आणि म्हणाली,

“आधी रडून घ्या, मग नंबर सांगा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “मला फोन करायचाय,” मी म्हटलं.

“हाव, फोनच करायचाय. पण असा रडका आवाज तिकडं गेला तर माय काय समजंल? पोरीचं काय बरंवाईट झालं म्हणून मिळंल त्या गाडीनं निघंल ती. बसा इथं. पाणी प्या. मीटर थांबत न्हाई, रडणं थांबतं.”

मी आईला फोन लावणार हे मी सांगितलंही नव्हतं. स्टुलावर बसले आणि खरोखरच रडले. तेवढ्या वेळात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना तिनं “लाइन खराब हाय, चहा पिऊन या,” म्हणून परत पाठवलं आणि स्वतः तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. नंतर आईशी बोलताना माझा आवाज इतका स्वच्छ होता की आई म्हणाली, बरं झालं बाई, रमलीस तू.

ते गाव नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूरच्या अलीकडे लागतं. नाव सांगत नाही. यातली काही माणसं अजून आहेत आणि वाचतातही. शकिलाआपा तिथल्याच. वडील मशिदीमागच्या गल्लीत गाद्या भरायचे. लहानपणी पोलिओत दोन्ही पाय गेले. मोठा भाऊ रफिकभाई शिवणकाम करायचे आणि वडिलांच्या मागे बहिणीला त्यांनीच ठेवून घेतलं. अपंगांना टेलिफोन बूथसाठी जागा देतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा आपांनी सगळी खटपट स्वतः केली. हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल घेऊन त्या घरातून निघायच्या, टपरीसमोर सायकल लावायच्या, दोन कुबड्यांवर चार पावलं टाकून बाकावर चढायच्या आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

त्या बाकावरून त्यांचं राज्य चालायचं. काचेची एक केबिन, तिच्यात फोन. बाहेर टेबलावर नंबर लावायचा दुसरा फोन आणि लाल आकड्यांचं मीटर. कुणी नंबराची चिठ्ठी घेऊन आलं की आपा आधी विचारायच्या, “काय बोलायचं ते ठरवलं का?” माणूस गोंधळला की त्या त्याला तिथल्या तिथे शिकवायच्या. “पहिले खुशाली. मंग काम. भांडण असलं तर शेवटी, म्हणजे लाइन कटली तरी काम झालेलं असतं.” पुण्याला बांधकामावर गेलेल्या पोराला फोन लावणाऱ्या म्हाताऱ्याला त्या सांगायच्या, “बाबा, ओरडू नका. पुणे लांब हाय, पण तार जवळ हाय.” म्हातारा तरी ओरडायचाच. मग स्टँडवरची सगळी माणसं त्याच्या घरची खुशाली ऐकायची.

केबिनच्या दाराबाबत मात्र त्यांचा कायदा कडक होता. दार बंद झालं की आतलं आत. मंगल नावाची माझी एक विद्यार्थिनी होती, दहावीतली. परीक्षेच्या आधी तिचं लग्न उरकायचं घरच्यांनी ठरवलं. मधल्या सुट्टीत ती दप्तरासकट टपरीवर गेली आणि हदगावला मामाला फोन लावून आली. संध्याकाळी तिचा चुलता टपरीवर हजर. मी तेव्हा तिथेच होते.

“पोरीनं कुणाला फोन लावला होता?” त्यानं विचारलं.

“मला काय माहीत?”

“नंबर तूच लावलास ना?”

“लावला आन् विसरले. ह्या काचेच्या आत मी बी न्हाई जात, दादा. तुम्ही कसे जाणार?”

त्यानं केबिनच्या काचेवर हात आपटला. फोडून टाकीन म्हणाला. आपा बाकावरून हलल्या नाहीत. हलणार तरी कशा? पण त्यांचा आवाजही हलला नाही.

“फोडा. काच माझ्या पैशाची हाय, रडीन मी दोन दिवस. पण नंबर न्हाई भेटायचा.”

स्टँडवरची माणसं जमायला लागली तसा तो शिव्या देत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मामा आला, त्यानं पोरीला परीक्षा होईपर्यंत हदगावला नेलं, आणि ते लग्न मोडलं ते मोडलंच. मंगल आज नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. त्या संध्याकाळी चुलता गेल्यावर काय झालं ते मात्र मीच पाहिलं. पाण्याचा पेला त्यांना धरता येईना. मी तो पुढे केला तेव्हा म्हणाल्या, “टीचर, भ्या तर लई वाटलं. पण भ्यायचं काम घरी जाऊन करायचं.”

तेव्हापासून आमची मैत्री झाली. पुढे माझं लग्न झालं, नवरा नांदेडचा, तिथेच नोकरीला. मी दर शनिवारी नांदेडला जायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायची. गाडीतून उतरल्यावर आधी टपरी, मग खोली, मग शाळा.

स्टँडसमोर तेव्हा टपऱ्यांची एक ओळच होती. आपांच्या डाव्या हाताला घड्याळं दुरुस्त करणारे वामनराव. पलीकडे रेडिओ-टेपवाला, त्याच्यापुढे पासपोर्ट फोटो काढणारा, टोकाला बॅटऱ्या, कॅलक्युलेटर आणि गजराची घड्याळं विकणारा. वामनराव सडसडीत, अबोल, डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. आपा दिवसभर बोलायच्या, ते दिवसभर गप्प. तरी दोघांचं जमायचं. दुपारी त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि आपांच्या डब्यातलं चिंचेचं आंबट खट्टं यांची देवाणघेवाण व्हायची.

मग खिशातले फोन आले. आधी व्यापाऱ्यांकडे, मग मास्तरांकडे, मग सगळ्यांकडे. केबिनसमोरची रांग आटत गेली. आपांनी हाय खाल्ली नाही. रिचार्जची कूपनं ठेवली, ती चार-पाच वर्षं बरी चालली. पुढे मोठ्या पडद्याचे फोन आले आणि माणसं घरात बसून स्वतःच रिचार्ज करायला लागली. पण नुसती एक टपरी बसली नव्हती. त्या एका वस्तूनं अख्खी ओळ गिळली. टेपवाला गेला. फोटोवाल्यानं पडदा गुंडाळला आणि जावयाच्या गावी गेला. बॅटऱ्या-कॅलक्युलेटरवाल्यानं चपला ठेवल्या. वामनरावांकडे लोक घड्याळाचे सेल टाकायला तेवढे यायचे, तेही लग्नात मिळालेलं घड्याळ असेल तर.

आपा एकदा मला म्हणाल्या, “बघा टीचर. घड्याळ गेलं, रेडिओ गेला, कॅमेरा गेला, बॅटरी गेली, माझा फोनचा डब्बा गेला. सगळे एका खिशात जाऊन बसले. आता आपण बी बसायचं का कुणाच्या खिशात?”

कुणाचा खिसा ते मला कळलं. रफिकभाई त्या दिवसांत रोज टपरीवर येऊन सांगत होते की आता बंद कर, घरी चल. माणूस वाईट नव्हता. जन्मभर त्यांनी बहिणीला जपलं होतं, स्वतःच्या मुलांच्या आधी तिच्यासाठी कपडा शिवला होता. त्यांना खरंच वाटत होतं की रिकाम्या टपरीत बसून ती लोकांच्या नजरेत बिचारी होतेय. माझ्यासमोरच एकदा दोघांचं वाजलं. घरात दखनी बोलायचे ते, भांडतानाही तीच.

“घर में क्या कमी है तेरे कू?” रफिकभाई म्हणाले. “आराम से बैठ.”

“घर में बैठ को क्या करूं भाई? घर में मैं बेचारी हूं. यहाँ मैं आपा हूं.”

रफिकभाई माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही तरी सांगा हिला. इथं आता हाय काय?”

मी काय सांगणार? मी म्हटलं, “भाई, मीही कधीतरी निवृत्त होणारच आहे. पण कधी ते मला कुणी दुसऱ्यानं सांगितलेलं आवडणार नाही.” ते तसेच निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

आणि मग ती नोटीस आली. जागा ज्या कचेरीनं दिली होती, तिचंच पत्र. टेलिफोन बूथसाठी जागा मंजूर झाली होती. बूथ आता बंद असल्यामुळे प्रयोजन संपलं आहे. जागा रिकामी करावी. भाषा सभ्य होती. नियमानं बघितलं तर चूकही नव्हती. रफिकभाईंना तर सुटल्यासारखं झालं असावं. वामनरावांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि आपांच्या हातात दिलं. “भेटून या,” एवढंच बोलले.

आपांनी मला सोबत यायला सांगितलं. मी शाळेतून अर्धी रजा टाकली. साहेब पहिल्या मजल्यावर बसायचे. शिपाई खाली येऊन म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, खाली यायला वेळ नाही, अर्ज इथेच द्या. आपांनी जिन्याकडे पाहिलं. जुन्या बांधणीचा, अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना.

“अर्ज न्हाई. बोलायचं हाय.”

“मग वर या.”

“येते की,” आपा म्हणाल्या.

त्यांनी कुबड्या माझ्या हातात दिल्या, खालच्या पायरीवर बसल्या, जिन्याकडे पाठ केली, दोन्ही हात मागे वरच्या पायरीवर टेकवले आणि स्वतःला वर उचललं. मग पुढची पायरी. मग पुढची. पाय मागोमाग ओढले जात होते. कपड्यांना धूळ लागत होती. दोन-तीन माणसं धावली, एकानं काखेत हात घालायला घेतला. आपा थांबल्या.

“उचलू नका. सामान न्हाई मी.”

माणसं बाजूला झाली. मी कुबड्या घेऊन खालून मागोमाग चढत होते, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसत होता. घामानं ओढणी कपाळाला चिकटली होती. अर्ध्यावर दम खायला थांबल्या तेव्हा म्हणाल्या, “टीचर, आधी कागदावर अपंग लिहायचे. आता दिव्यांग लिहून राहिले. पायऱ्या त्याच हायत.”

वरच्या व्हरांड्यात कारकून उभे राहिले होते. गडबड ऐकून साहेबही दारात आले. तरुण होते, पस्तिशीच्या आतले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांनी ती बाई पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. स्वतः खुर्ची आणली. आपा खुर्चीवर बसल्या, ओढणी नीट केली, श्वास जागेवर आणला. मग हळू आवाजात बोलल्या.

“साहेब, फोन बंद झाला हे खरं हाय. पण माझे पाय चालू झाले का?”

शेजारचा कारकून खिडकीबाहेर बघायला लागला.

“जागा तुम्ही फोनला दिली होती का मला दिली होती? फोनला दिली असंल तर घ्या परत. मला दिली असंल तर मी हाय अजून.”

“ताई, मला पटतंय,” साहेब म्हणाले. “पण मंजुरीत धंदा लिहिलेला असतो. तुमच्या मंजुरीत टेलिफोन बूथ लिहिलंय आणि तो आता नाहीच. दुसरा काही धंदा करत असाल तर बदलून देता येईल. काय करता तुम्ही तिथे?”

मी आपांकडे पाहिलं. त्या तिथे काहीच करत नव्हत्या. गेलं वर्षभर त्या फक्त बसत होत्या.

“मोबाइल दुरुस्ती,” आपा म्हणाल्या.

“येते तुम्हाला?”

“येते.”

साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी कारकुनाला सांगितलं की बदल करून घ्या, पावसाळा संपला की जागेची पाहणी होईल, तेव्हा धंदा चालू दिसला पाहिजे. आपा उतरायला निघाल्या तेव्हा साहेबांनी दोघा शिपायांना खुर्चीसकट आपांना खाली न्यायला सांगितलं. आपांनी हात जोडले आणि जशा चढल्या तशाच उतरल्या.

सायकलवर बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आपा, तुम्हाला मोबाइलचं झाकण तरी काढता येतं का?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता शिकावं लागंल. तोंडातून गेलंय ना.”

असं त्यांचं शिक्षण सुरू झालं. वय पंचेचाळिशीच्या पुढे. मीच नांदेडला चौकशी केली. मोबाइलच्या बाजारातल्या एका गल्लीत एक तरुण सरदारजी शिकवायचे. त्यांच्याकडे सगळी विशीतली मुलं. आपांना कुबड्यांवर आत येताना बघून ते उठून उभे राहिले. “अम्माजी, किसका फोन बिगड़ा?” त्यांनी विचारलं. “फोन नहीं बिगड़ा बेटा, धंदा बिगड़ा है,” आपा म्हणाल्या. “सिखाओ.” हे बारीक काम आहे, डोळे जातात, मान धरते, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी म्हणाले, बसा.

शनिवारी माझ्यासोबत त्या एसटीनं यायच्या, शनिवार-रविवार शिकायच्या, मुक्कामाला आमच्याकडे. माझ्या सासूबाईंचा स्वभाव कडक. पण पहिल्याच रात्री आपा जेवताना म्हणाल्या, “आजी, वरणाला फोडणी माझ्या मायसारखी हाय तुमची.” तेव्हापासून सासूबाई शनिवारची वाट बघायला लागल्या.

फोन कसा उघडायचा, कुठला सुटा भाग काय करतो, हे आपा लवकर शिकल्या. अडलं ते हातात. आयुष्यभर सायकलचं हातपायडल मारून आणि कुबड्यांवर भार टाकून त्यांचे तळवे दगडासारखे झाले होते, बोटं जाड. चिमट्यात धरलेला कण दिसायचा, पण जागेवर ठेवताना हात कापायचा. सोल्डरिंगला गेल्या की शेजारचं काहीतरी जाळून बसायच्या. त्यांनी पहिला फोन जाळला तो रफिकभाईंच्या मुलाचा. दुसरा जाळला तो माझा. रफिकभाई म्हणाले, “आता तरी मान.” मी म्हटलं, “माझा जुनाच होता.” सरदारजी म्हणाले, “अम्माजी, डिस्प्ले बदलना, बैटरी बदलना, बस इतना करो. बोर्ड को हाथ मत लगाओ.”

गाडीत परत येताना आपा खिडकीबाहेर बघत होत्या. मी समजूत घालायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “समजूत नका घालू टीचर. समजूत घातली की माणूस बसतो.”

दुसऱ्या दिवशी वामनराव आपल्या टपरीतून उठून त्यांच्या टपरीत येऊन बसले. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी खिशातून डोळ्याला लावायचं ते भिंग काढून टेबलावर ठेवलं.

“हात कापतो म्हणता?”

“हाव, लई.”

“सगळ्यांचा कापतो. माझाही कापतो. तुम्ही श्वास धरून काम करता. श्वास सोडायचा, सोडून झाला की जो एक क्षण असतो ना रिकामा, त्यात काम करायचं. आणि कोपर टेकवून नाही, मनगट टेकवून.”

इतकं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग रोज दुपारी, भाकरी आणि खट्टं झालं की, वामनराव एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ उघडून आपांसमोर ठेवायचे. आपांनी त्यातले स्क्रू काढायचे आणि बसवायचे. केसाएवढे स्क्रू. पडायचे, हरवायचे, दोघं मिळून टेबलाखाली शोधायचे, म्हणजे वामनराव शोधायचे आणि आपा वरून सांगायच्या. “तिकडं, चपलेजवळ. न्हाई, न्हाई, ती मुंगी हाय.” पावसाळाभर हे चाललं. शाळेतून येताना मला लांबून दोन खाली घातलेल्या माना दिसायच्या आणि मी न थांबता पुढे जायची. श्वास सोडण्याच्या त्या रिकाम्या क्षणात आपण जाऊन उभं राहू नये असं वाटायचं.

पाहणीला साहेब स्वतः आले. टपरीवर नवी पाटी होती: शकिला मोबाइल दुरुस्ती. काचेची केबिन काढून तिथे टेबल टाकलं होतं. साहेबांनी पाटी बघितली, हसले, आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. “चार्जिंगच होत नाही याचं. बघा जरा.”

परीक्षाच होती ती. आपांनी भिंग लावलं, फोन उघडला, आणि मला वामनरावांच्या टपरीकडून काहीच आवाज येईना. ते काम थांबवून इकडे बघत होते. आपांनी चिमट्यानं चार्जिंगची पिन काढली, नवी धरली, श्वास सोडला. सोल्डरिंगचा बारीक धूर वर आला. फोनचं झाकण बसवून त्यांनी वायर लावली. पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं. साहेब गेल्यावर वामनराव म्हणाले, “मनगट टेकलं होतं,” आणि पुन्हा मान खाली घातली.

मग टपरी चालली, आणि चांगली चालली. बायका आपले फोन बिनघोर त्यांच्याकडे द्यायच्या, कारण फोनमधले फोटो कुणी बघणार नाही याची खात्री असायची. शेजारच्या खेड्यांतून लोक यायचे. आपांचं बोलणं परतलं. “ह्यानंच माझं दुकान खाल्लं,” हातातला उघडा फोन दाखवून त्या म्हणायच्या, “आता ह्याचंच पोट फाडून खाते मी.” साथीच्या त्या दिवसांत शाळा फोनवर भरायला लागली, तेव्हा तर त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. बाहेर फिरायला बंदी, म्हणून रफिकभाईंच्या घराच्या ओट्यावर त्यांनी टेबल मांडलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींची शाळा त्या ओट्यावरून चालू झाली. एका मुलीचा बाप म्हणाला, पोरीला कशाला फोन, जाऊ द्या, राहू द्या बंद. आपांनी तो फोन दुरुस्त केला आणि बापाच्या नाही, मुलीच्या हातात दिला.

वामनराव त्याच साथीत गेले. त्यांना पोचवायला जाता आलं नाही म्हणून आपांनी दिवसभर काम बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी बसल्या. मला फोनवर म्हणाल्या, “बसले. ते असते तर बस म्हणाले असते. बोलले नसते, पण म्हणाले असते.”

मी निवृत्त होऊन कायमची नांदेडला आले. भेटी कमी झाल्या. आपांना दम लागायला लागला होता. छातीचा त्रास आहे, विश्रांती घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या सकाळी उशिरा जायला लागल्या आणि लवकर परतायला लागल्या, पण जायच्याच. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी टपरीवरून घरी आल्या, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेलेल्या होत्या.

मला पोचायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. दफन होऊन गेलं होतं. घरात बायका होत्या, त्यांच्यात बसले, मग रफिकभाईंना भेटावं म्हणून विचारलं तर ते घरी नव्हते. टपरीवर आहेत म्हणाल्या. पुढचे तीन-चार दिवसही ते तिथेच बसले. लोकांचे फोन होते ना आत. काही दुरुस्त झालेले, काही उघडे पडलेले. ज्याचे त्याला द्यायला हवे होते.

मी गेले तेव्हा सत्तरी ओलांडलेला तो माणूस बहिणीच्या उंच बाकावर अवघडून बसला होता. गिऱ्हाईक येत होतं, फोन घेत होतं, आणि उभ्या उभ्या काहीतरी सांगून जात होतं. आपांनी असं केलं, आपा मला अशा बोलल्या. एका बाईनं आपला उघडा, अर्धवट राहिलेला फोन पदरात बांधून घेतला. रफिकभाईंनी तिला विचारलं की दुसरीकडे दाखवणार का. “बघू,” ती म्हणाली, “लगेच न्हाई दाखवणार कुणाला.”

ती गेल्यावर रफिकभाईंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

“बाई,” ते म्हणाले, “तिला जेवायला दिलं, कपडा दिला, डोक्यावर छत दिलं. मला इतकी वर्षं वाटायचं, मी तिला सांभाळून राहिलो.”

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. एसटी आली होती आणि तिच्यातून उतरलेली दोन माणसं हातात फोन घेऊन टपरीच्या दिशेनं येत होती.

“आपा गेल्याचं कुणी सांगितलं का त्यांना?” मी विचारलं.

“न्हाई,” रफिकभाई म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला आणि बाकावर ताठ बसले. “मी सांगतो.”